टोरोंटोत नवं घर घेतलंय? बर्फ पडल्यावर आधी छपराकडे बघा

पहिल्या हिवाळ्यात सगळेच विचारतात, अंगणात ढोपरभर बर्फ आणि ड्राइव्हवे मात्र कोरडा, हे कसं? बर्फ वितळवायला टाकलेल्या मिठाचा वाटा आहेच, पण खरं काम ऊन करतं. ताजा बर्फ 80 टक्क्यांहून जास्त ऊन परत पाठवतो. डांबर मात्र ऊन पितं. म्हणून सगळा ड्राइव्हवे साफ करायची ताकद नसली, तरी मधला एक पट्टा काळा दिसेपर्यंत खरवडा. तो तापला की कडेचा बर्फ सुटत जातो. हिवाळ्यात इथला सूर्य दक्षिणेला खाली रेंगाळतो, त्यामुळे घराच्या उत्तरेला दिवसभर सावली. आपली मंडळी दक्षिणमुखी घर नको म्हणतात. इथे मला ते अजिबात पटत नाही. दक्षिणेकडचा ड्राइव्हवे आधी मोकळा होतो.

लाकडी डेक आणि पूल यांना जमिनीची ऊब मिळत नाही. तिथे जपून. उणे 10 च्या खाली साधं मीठही फारसं चालत नाही.

आता छप्पर. दुसऱ्या हिवाळ्यात आख्ख्या गल्लीत आमच्याच छपरावरचा बर्फ आधी गेला. आम्हाला आनंद झाला. वळचणीला मनगटाएवढे बर्फाचे सुळके लोंबत होते, मुलांनी त्यांचे फोटो काढले. आठवड्याभरात झोपायच्या खोलीच्या छताला चहाच्या रंगाचा डाग पडला आणि तो रोज पसरत गेला.

घरातली ऊब पोटमाळ्यातून वर निसटत होती. त्या उबेनं बर्फ खालून वितळायचा, पाणी उतारावरून वळचणीपाशी यायचं आणि तिथे खाली ऊब नसल्यानं पुन्हा गोठायचं. असा बांध तयार झाला की मागचं पाणी शिंगल्सखाली, म्हणजे छपरावर कौलांसारख्या बसवलेल्या पातळ पट्ट्यांखाली, शिरतं. छत, भिंत, रंग मिळून सहा हजार डॉलर गेले. पोटमाळ्यातल्या फटी बुजवून इन्सुलेशन, म्हणजे ऊब अडवणारा थर, वाढवायला याच्या निम्मेही लागले नसते.

शेजारच्या आजोबांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. इथली माणसं भली आहेत, पण न विचारता दुसऱ्याच्या घराबद्दल बोलत नाहीत. तुम्ही विचारा. बर्फ थांबल्यावर सकाळी रस्त्यापलीकडे उभे राहा आणि आपलं छप्पर शेजाऱ्यांच्या छपराशी ताडून बघा. तुमचंच आधी उघडं पडत असेल, तर त्याच आठवड्यात पोटमाळा तपासून घ्या.