कंपनीने थापा मारल्या? एकटे भांडू नका
शेअर आपटला की आधी शिव्या घालून घ्या, मग कामाला लागा. कंपनीने एक्स्चेंजला दिलेली घोषणा डाउनलोड करा, आपली काँट्रॅक्ट नोट (ब्रोकर देतो ती खरेदीची पावती) शेजारी ठेवा, घोषणा आधी की खरेदी आधी ते बघा, सगळा खेळ त्या तारखेचाच आहे. मग माणसं जमवा, कारण कंपनी कायदा 2013 च्या कलम 245 खाली लिस्टेड कंपनीविरुद्ध सगळ्यांचा मिळून एकच दावा (क्लास अ‍ॅक्शन) टाकायला 100 मेंबर, म्हणजे शेअरहोल्डर, किंवा एकूण मेंबरांचे 5 टक्के यातलं जे कमी ते, नाहीतर कंपनीच्या शेअर भांडवलातला 2 टक्के वाटा हातात असावा लागतो. आमच्या बाराजणांच्या लोकल ग्रुपचं काम नाही हे! अर्ज एनसीएलटीत, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात, मुंबईचं बेंच कफ परेडला. बँकेचे शेअर असतील तर मात्र हे कलम चालत नाही. शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीच्या स्कोअर्स या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर तक्रार एकट्यालाही टाकता येते, तीही फुकट.