वसतिगृहात येणाऱ्या पोरींनो, पेटी भरण्याआधी हे वाचा

जूनमध्ये आमच्या वसतिगृहाच्या व्हरांड्यात पत्र्याच्या पेट्यांची रांग लागते. जव्हारकडचा पाऊस तोवर सुरू झालेला असतो आणि पुढे तीन महिने तो कपडे धड वाळू देत नाही. मी इथे १९ वर्षं अधीक्षिका आहे. नव्या पोरींना पहिल्या रात्री जे सांगते तेच लिहितेय, कारण घरी चालून जाणाऱ्या बऱ्याच गोष्टी एका खोलीत १२ जणी झोपायला लागल्या की चालत नाहीत.

पेटीत स्वतःचा टॉवेल, बारीक दातांची फणी, नेलकटर, ब्रश, झाकणाची साबणदाणी, आतल्या कपड्यांचे निदान पाच जोड आणि दोरीचे चिमटे हवेत. टॉवेल, फणी आणि आतले कपडे सख्ख्या बहिणीलाही द्यायचे नाहीत. खाऊ, टिकल्या, पुस्तकं हवी तेवढी वाटून घ्या.

आता खरूज. माझ्या पहिल्याच वर्षी सातवीतल्या एका मुलीला ती झाली. मी तिला एकटीला मलम दिलं आणि तिचं अंथरूण कोपऱ्यात हलवलं. दीड महिन्यात खोलीतल्या नऊ जणी खाजवत होत्या. ती पोर दिवाळीची सुट्टी संपल्यावर परत आली नाही. ते कोपऱ्यातलं अंथरूण मला अजून टोचतं.

चूक कुठे झाली ते नंतर डॉक्टरांनी समजावलं. खरजेचा किडा कातडीच्या वरच्या थरात बीळ करून अंडी घालतो. पहिल्यांदाच लागण झाली असेल तर खाज सुटायला चार ते सहा आठवडेही लागतात. म्हणजे आज जिला काहीच होत नाही तिच्याही अंगावर किडा असू शकतो, आणि ती तो दुसरीला देऊ शकते. एकटीला औषध देऊन म्हणूनच काही साधत नाही.

बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, कमरेशी बारीक पुळ्या आल्या आणि रात्री खाज वाढली, तर त्याच दिवशी मला सांगा. डॉक्टरांनी खरूज म्हटलं की बहुतेक वेळा पर्मेथ्रिन ५ टक्के मलम मिळतं. रात्री कोरड्या अंगावर मानेपासून तळपायापर्यंत लावायचं. नखांखाली, बेंबीत, बगलेत, बोटांच्या मध्येही. नंतर हात धुतले तर हातांना पुन्हा लावायचं. आठ ते चौदा तास ठेवून आंघोळ करायची. खोलीतल्या सगळ्या जणी हे एकाच रात्री करतात, खाज असो वा नसो, आणि आठवड्याने पुन्हा एकदा. सकाळी अंगावरचे कपडे, चादर, टॉवेल गरम पाण्यातून काढायचे. पावसात ते जमत नाही, तेव्हा मी सगळं प्लास्टिकच्या पिशवीत भरून तोंड घट्ट बांधते आणि आठवडाभर उघडत नाही. माणसाच्या अंगाबाहेर हा किडा दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त सहसा जगत नाही.

औषधानंतरही दोन ते चार आठवडे खाज राहू शकते. घाबरून रोज मलम चोळू नका, कातडी आणखी चिडते. नव्या पुळ्या आल्या तर मात्र परत डॉक्टरांकडे जायचं.

आणि आता कोणाचंही अंथरूण कोपऱ्यात जात नाही.

उवांचंही असंच. रविवारी केस ओले करून, तेल लावून फणी फिरवायची, मग दर तीन-चार दिवसांनी, असे दोन आठवडे. लिखांतून सात ते दहा दिवसांत उवा बाहेर पडतात, त्यामुळे एकदाच विंचरून भागत नाही.

गजकर्ण पावसाळ्यातच जास्त. ओलसर चड्डी, ओलसर ओढणी अंगावर चढवू नका. चट्टा गोल, कडेला लाल आणि खाजरा दिसला तर औषधाच्या दुकानातून मनाने मलम आणू नका. काही मिश्र मलमांत स्टेरॉइड असतं. खाज दोन दिवसांत थांबते, चट्टा मात्र आतून पसरत राहतो. माझ्या भाचीचा असाच मांडीभर झाला होता. डॉक्टरांनी दिलेलं औषध डाग दिसेनासा झाला तरी सांगितलेले सगळे दिवस घ्यायचं.

संडासहून आल्यावर आणि जेवणाआधी साबण, निदान वीस सेकंद. दात रात्री झोपतानाही घासायचे, आणि मशेरीने नाही. घरी आजी लावते म्हणून पोरी पुडी घेऊन येतात. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू, तिची सवय लागते आणि तोंडाचा कॅन्सर होतो. पुडी माझ्याकडे आणून द्या, मी रागावणार नाही.

शेवटी पाळीचं. पॅड चार ते सहा तासांनी बदला, अंगावरून कमी जात असलं तरी. कापड वापरत असाल तर साबणाने धुऊन उन्हात वाळवा. कपड्यांखाली लपवून अर्धवट वाळलेलं कापड घेतलं की खाज येते, जंतुसंसर्ग होऊ शकतो. ऊन नसेल त्या दिवसांत स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीलगत मी वेगळी दोरी बांधते. चुलीच्या उबेने तिथे लवकर वाळतं. नंतर इस्त्री फिरवायला माझ्या खोलीत या. त्या दोरीकडे पुरुष कर्मचाऱ्यांनी फिरकायचं नाही, हे मी त्यांना दर जूनमध्ये सांगते.