पाणी जास्त झालेल्या मनी प्लांटसाठी

कुंडीतील माती ओली असूनही मनी प्लांटची पाने पिवळी पडून मान टाकू लागली, तर मुळांना हवा न मिळाल्याने ती कुजत आहेत अशी शंका घ्यावी आणि आणखी पाणी घालण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. झाड अलगद उपसून पांढरी, टणक मुळे राखावीत. बोटाने ओढताच साल सुटून येणारी, कुबट वासाची तपकिरी मुळे स्वच्छ कात्रीने कापून टाकावीत. नंतर ते कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळलेल्या भुसभुशीत मातीत, तळाला भोक असलेल्या बेताच्याच कुंडीत लावून थेट ऊन न लागणाऱ्या उजेडात ठेवावे. नवे पान फुटेपर्यंत खत मुळीच देऊ नये, कारण दुखावलेल्या मुळांना त्यातील क्षार सोसत नाहीत. पाणीही वरची २ ते ३ सेंटिमीटर माती सुकल्यावरच द्यावे.