नवीन रस्ता डोक्यात कसा बसवायचा

आधी मॅपचा आवाज बंद करा, कारण नुसतं "डावीकडे वळा" ऐकत गेलं की रस्ता फारसा लक्षात राहत नाही. निघण्याआधी नकाशा नीट बघा, मग फोन खिशात.

प्रत्येक वळणावर मागे वळून बघाच, येताना तोच चौक उलटा दिसतो आणि ओळखूच येत नाही. मधमाशीसुद्धा पहिल्यांदा बाहेर पडते ना, तेव्हा पोळ्याकडे तोंड करून हवेत अर्धगोल घिरट्या घालते, खुणा टिपते आणि मगच लांब जाते, कसली भारी गोष्ट आहे ही!

खूण म्हणून पूल, मोठं झाड धरा, उभी गाडी नको. मधेच थांबून, जिथून निघालो ती जागा कुठल्या दिशेला ते बोटाने दाखवा, चुकलं तरच नकाशा उघडा.

मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात जागा ओळखणाऱ्या पेशी असतात, शास्त्रज्ञ जॉन ओकीफने 1971 मध्ये उंदरांत दाखवल्या, 2014 ला नोबेल मिळालं.