कोर्टाच्या कामकाजातला विनोद कसा टिपावा

दिवाणी न्यायालयात मागच्या बाकावर बसून वकिलांच्या युक्तिवादापेक्षा उलटतपासाकडे कान द्यावा. ‘छे हो साहेब, मी कशाला खोटं बोलू!’ असे साक्षीदार तळमळून म्हणतो, परंतु जबानीत ‘मी खोटी साक्ष देत आहे, हे म्हणणे खरे नाही’ असे इस्त्री केलेले वाक्य उतरते. हसू या दोहोंमधल्या अंतरात दडलेले असल्याने लिहिताना दोन्ही वाक्ये शेजारी ठेवावीत आणि स्पष्टीकरण मुळीच देऊ नये.

दुसरी खाण तारखांची. सुनावणीदरम्यान एका पक्षकाराला तीनपेक्षा अधिक वेळा तहकुबी देऊ नये, असे दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश १७ सांगतो. हा नियम गंभीरपणे उद्धृत करावा आणि पुढच्याच ओळीत, बांधावरून आजोबांनी लावलेल्या दाव्यात आज नातू तारखेला हजर होता, एवढेच नोंदवावे. (अतिशयोक्तीची गरजच पडत नाही.)

पक्षकारांची नावे व गावे बदलावीत, रोख त्यांच्या दुःखावर नव्हे तर पद्धतीवर ठेवावा, आणि चालू प्रकरणाविषयी लिहिताना न्यायालय अवमान अधिनियम, १९७१ चे भान राखावे. मोबाइल मात्र आत शिरण्यापूर्वीच बंद करावा.