जुन्या गाडीतील इंजिन ऑइलची गळती: आधी उगम शोधावा, मग पाना हाती घ्यावा

माझ्याकडे १९९७ सालची मारुती ८०० आहे. काही वर्षांपूर्वी तिच्या गिअरबॉक्सखाली रोज रात्री सात-आठ थेंब पडू लागले, तेव्हा एका गॅरेजमध्ये गाडीखाली नुसते डोकावून ‘क्रँकचे (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचे) मागचे ऑइल सील गेले आहे, गिअरबॉक्स उतरवावा लागेल’ असे सांगण्यात आले. गिअरबॉक्स उतरला, सील बदलले, दोन दिवसांची मजुरी दिली आणि आठवड्याच्या आत डाग पुन्हा त्याच जागी पडला. गळत होती ती सिलिंडर हेडच्या (इंजिनाच्या वरच्या भागाच्या) गिअरबॉक्सकडील टोकाला बसवलेल्या डिस्ट्रिब्युटरच्या (स्पार्क प्लगना वीज वाटून देणाऱ्या भागाच्या) बुडाशी असलेली रबरी ओ-रिंग, म्हणजे गोल कडी. तिथून निघालेले तेल हेडच्या कडेने ओघळत गिअरबॉक्सच्या सांध्यावर उतरत होते, आणि खालून पाहणाऱ्याला ते मागच्या सीलमधूनच आल्यासारखे दिसत होते. तेल जिथून टपकते तिथूनच ते गळत असते, हे गृहीत धरल्यामुळे जुन्या गाड्यांच्या मालकांचे किती पैसे वाया जातात, हे तेव्हा कळले. म्हणून तपासणीचा क्रम सविस्तर लिहीत आहे.

सर्वप्रथम टपकणारे द्रव्य इंजिन ऑइलच आहे याची खात्री करावी. रात्री गाडी सपाट जागी उभी करून इंजिनाखाली पांढरा पुठ्ठा पसरावा आणि पुढच्या चाकांची जागा त्यावर पेनाने खुणावून ठेवावी, म्हणजे डाग नेमका कुठल्या भागाखाली पडतो ते सकाळी समजते. इंजिन ऑइल तपकिरी किंवा काळपट असते. गिअर ऑइल अधिक घट्ट असून त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. कूलंट हिरवे किंवा लालसर आणि पाण्यासारखे पातळ असते. तर चाकाच्या आतल्या बाजूला फिकट पिवळा, पातळ द्रव आढळला तर तो बहुधा ब्रेक ऑइलचा असतो आणि तशी गाडी दुरुस्तीपूर्वी मुळीच चालवू नये.

त्यानंतर डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजण्याची पट्टी) पाहावी. इंजिन बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक पुसून पुन्हा घालावी आणि पातळी वरच्या व खालच्या खुणेच्या दरम्यान कुठे आहे याची तारीख व किलोमीटरसह वहीत नोंद करावी. या नोंदीवरूनच गळतीचा वेग कळतो. पुठ्ठ्यावरचा डाग फसवतो, कारण एक थेंबही पसरून तळहाताएवढा दिसतो. पातळी खालच्या खुणेच्या खाली गेली असेल तर ऑइल भरल्याशिवाय गाडी सुरू करू नये, आणि चालत्या गाडीत ऑइलचा लाल दिवा लागला तर घर जवळ आहे म्हणून पुढे न जाता तिथेच इंजिन बंद करावे. एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळ्यांवर) तेल पडून जळका वास किंवा धूर येत असेल तर आगीचा धोका असतो, त्यामुळे ते काम उद्यावर टाकू नये.

आता खरी तपासणी. वर्षानुवर्षांच्या तेल-धुळीच्या चिखलाखाली गळतीचा उगम कधीच दिसत नाही, म्हणून इंजिन आधी स्वच्छ करणे अपरिहार्य आहे. इंजिन पूर्ण थंड असताना बॅटरीची ऋण तार काढावी, डिस्ट्रिब्युटर आणि अल्टरनेटर प्लॅस्टिकच्या पिशवीने झाकावेत, आणि डीग्रीझर व जुन्या ब्रशने सांधे घासून कोरड्या फडक्याने पुसून काढावेत. दाबाचे पाणी मारू नये. इंजिन कोरडे झाल्यावर प्लॅस्टिक काढून, तार जोडून, संशयित सांध्यांवर टाल्कम पावडरचा पातळ थर शिंपडावा, पंधरा-वीस मिनिटांची फेरी मारावी आणि टॉर्चने पाहावे. पांढऱ्या पावडरवर तेलाची ओली रेघ स्पष्ट उमटते. त्या रेघेचा माग खालून वर घ्यायचा आणि सर्वांत उंचावरचा ओला बिंदू गाठायचा, तोच उगम. गाडीखाली जायचे असल्यास केवळ जॅकवर विसंबू नये. गाडी घोडीवर (लोखंडी स्टँडवर) टेकवून मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावावेत.

सर्वांत वर असते टॅपेट कव्हरचे, म्हणजे सिलिंडर हेडवरच्या झाकणाचे, पॅकिंग. उष्णतेने रबर कडक होते, त्याची लवचीकता जाते आणि कडेने तेल झिरपू लागते. त्याखालोखाल डिस्ट्रिब्युटरचे बूड, मग ऑइल प्रेशर स्विच (त्याच्या तार जोडण्याच्या टोकातूनच तेल येत असेल तर स्विच बदलण्याला पर्याय नाही), ऑइल फिल्टर आणि शेवटी चेंबरचे (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणाऱ्या भांड्याचे) पॅकिंग व ऑइल काढण्याचा ड्रेन नट. नुकतीच सर्व्हिसिंग होऊन गळती सुरू झाली असेल तर फिल्टर आधी तपासावा, कारण जुन्या फिल्टरचे रबर इंजिनालाच चिकटून राहते आणि त्यावर नवा फिल्टर बसवला जातो. अशा दुहेरी रबरातून तेल धारेने बाहेर येऊ शकते.

कुठलेही सील बदलण्यापूर्वी एक गोष्ट अवश्य पाहावी, जी फार थोडे लोक पाहतात. इंजिनाच्या पोटात साचणारे वायू टॅपेट कव्हरपासून एअर क्लीनरकडे जाणाऱ्या ब्रीदर नळीतून बाहेर पडतात. ती नळी काजळीने तुंबली की आत दाब वाढतो आणि तेल मिळेल त्या फटीतून बाहेर ढकलले जाते. एकाच वेळी तीन-चार ठिकाणी ओल दिसत असेल तर सीलांना दोष देण्याआधी ही नळी काढून रॉकेलने साफ करावी, तिच्यातून फुंकर आरपार जाते का पाहावे आणि वाळवून परत बसवावी. नळी मोकळी असूनही इंजिन चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण काढल्यावर जोराने, ठेका धरल्यासारखे धुराचे झोत येत असतील, तर पिस्टन रिंगा झिजल्या असण्याची शक्यता मोठी. तेव्हा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधील दाब) तपासून घ्यावे, कारण अशा इंजिनात नवी सीलेही फार टिकत नाहीत.

टॅपेट कव्हरचे पॅकिंग घरी बदलता येते. जुने पॅकिंग काढल्यावर खाच आणि हेडची कड लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने साफ करावी, लोखंडी पट्टीने ॲल्युमिनियमवर ओरखडे पाडू नयेत, आणि कचरा आत पडू नये म्हणून उघड्या भागात स्वच्छ फडके ठेवून ते आठवणीने काढावे. रबरी पॅकिंगवर सगळीकडे सिलिकॉन पेस्ट थापण्याची पद्धत चुकीची आहे; आत सुटलेला पेस्टचा तुकडा चेंबरमधील जाळीपर्यंत जाऊन तेलाची वाट अडवू शकतो. बोल्ट थोडे थोडे, आलटून-पालटून आवळावेत. गळती थांबेना म्हणून अधिक जोर लावला की कव्हर वाकते किंवा आटे जातात, आणि मग किरकोळ काम मोठे होऊन बसते.

डिस्ट्रिब्युटरची ओ-रिंग तर अगदी क्षुल्लक किमतीची असते, मात्र काम काळजीचे आहे. डिस्ट्रिब्युटरचे अंग आणि हेड यांवर एकच आडवी रेघ ओढावी, टोपी काढून रोटर (आतला फिरता तुकडा) कुठे रोखलेला आहे त्याची खूण करावी, आणि मगच बोल्ट सोडून तो सरळ बाहेर ओढावा. माझ्या गाडीतून निघालेली ओ-रिंग नखाने वाकवताच बांगडीसारखी कडकन मोडली. नव्या रिंगला तेलाचे बोट फिरवून डिस्ट्रिब्युटर त्याच खुणांवर बसवावा आणि टायमिंग लाइटने इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची नेमकी वेळ) तपासून घ्यावे.

टायमिंग बेल्टकडील क्रँक किंवा कॅम सील गळत असेल तर ते काम जाणत्या मेकॅनिककडेच द्यावे. तेलाने भिजलेला बेल्ट पुसून परत न बसवता नवाच घालावा, कारण तेलाने त्याचे रबर फुगते आणि दाते सुटतात. मागचेच सील गेले असल्याचे वरच्या सर्व तपासणीनंतर सिद्ध झाले, तर गिअरबॉक्स खाली असतानाच क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि गिअरबॉक्सचे इनपुट सीलही पाहून घ्यावे, म्हणजे तीच मजुरी दुसऱ्यांदा पडत नाही.

गळती थांबवणारी बाटलीबंद द्रव्ये कडक झालेल्या रबराला थोडे फुगवतात, पण फाटलेल्या सीलवर किंवा तुटलेल्या रिंगवर त्यांचा उपयोग होत नाही. गळती लपवण्यासाठी शिफारशीपेक्षा घट्ट ऑइल भरणेही योग्य नव्हे. थंड इंजिन सुरू होताना ते वरच्या भागांपर्यंत उशिरा पोहोचते. काढलेले जळके ऑइल गटारात किंवा जमिनीत ओतू नये. ते डब्यात भरून जळके ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजमध्ये द्यावे.

दुरुस्तीनंतर पुठ्ठा पुन्हा पसरावा. इंजिनाच्या खाचाखोचांत अडकलेले जुने तेल तीन-चार दिवस ओघळत राहते, त्यामुळे पहिल्या सकाळच्या डागावरून काम फसले असे समजू नये. आठ दिवस रोज नवा कागद ठेवावा आणि शंभर किलोमीटरनंतर डिपस्टिकची पातळी वहीतील नोंदीशी ताडून पाहावी.