क्युबेकचा पीआर: दोन सरकारं, दोन अर्ज, आणि या चुका टाळा

क्युबेक हा कॅनडाचा फ्रेंच बोलणारा प्रांत, आणि पीआर म्हणजे तिथे कायम राहायची परवानगी. दर महिन्याला कुणाचा तरी मेसेज येतो, "दादा माझा सीआरएस ४७० आहे, क्युबेकमधून होईल का?" आणि दर वेळी मी तेच सांगतो, की क्युबेकला तुझा सीआरएस, म्हणजे केंद्र सरकारच्या एक्स्प्रेस एन्ट्री या निवडपद्धतीतले गुण, लागतच नाही. सगळी गडबड इथूनच सुरू होते.

ओंटारिओ, बीसी, अल्बर्टा हे प्रांत पीएनपी या प्रांतांच्या नॉमिनेशनच्या योजनेतून माणसं निवडतात, एक्स्प्रेस एन्ट्रीला जोडलेलं नॉमिनेशन मिळालं की सीआरएसमध्ये ६०० पॉइंट वाढतात. क्युबेक त्यात नाही. १९९१ च्या कॅनडा-क्युबेक करारामुळे कामगार कोण घ्यायचे हे क्युबेक स्वतः ठरवतं, त्याचं पोर्टल वेगळं, नाव अरिमा, आणि निवड झाली की सीएसक्यू नावाचं प्रमाणपत्र मिळतं. त्यानंतर फेडरलकडे, म्हणजे ओटावातल्या केंद्र सरकारकडे, दुसरा अर्ज, तिथे मेडिकल, पोलीस सर्टिफिकेट आणि सिक्युरिटी बघतात. म्हणजे निवड क्युबेकची, पीआर ओटावाचा. एक्स्प्रेस एन्ट्रीच्या प्रोफाइलमध्ये "क्युबेकला राहायचंय" असं टाकून आमंत्रणाची वाट बघत बसलेले लोक मी पाहिलेत, त्यांचं वर्ष फुकट गेलं, कारण ती सिस्टीम क्युबेकच्या बाहेर राहणाऱ्यांसाठीच आहे.

दुसरी चूक जुन्या माहितीची. यूट्यूबवर अजून पीईक्यूचे व्हिडिओ फिरतायत, क्युबेकमध्येच शिकलेल्या किंवा काम केलेल्यांसाठीचा तो प्रोग्रॅम १९ नोव्हेंबर २०२५ ला बंद केला. त्याआधी २९ नोव्हेंबर २०२४ ला जुना स्किल्ड वर्करचा प्रोग्रॅम जाऊन पीएसटीक्यू आला, त्यात चार गट आहेत: उच्च कौशल्याची कामं, मधल्या आणि हाताच्या कौशल्याची कामं, लायसन्स लागणारे व्यवसाय, आणि असामान्य प्रतिभा. आपल्याकडचे आयटीवाले आणि इंजिनियर बहुतेक पहिल्या गटात बघतात. माहिती वाचताना आधी तारीख बघा, मग बाकीचं.

आता फ्रेंच, आणि यावर मी जरा जास्त बोलणार कारण सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. इंग्रजीच्या आयईएल्ट्सला ८ बँड आले तरी क्युबेकचं दार त्याने उघडत नाही. क्युबेकची स्वतःची १२ पायऱ्यांची पट्टी आहे, पहिल्या गटात बोलणं-ऐकणं सातव्या पायरीचं लागतं म्हणजे युरोपियन भाषापट्टीवरचं साधारण बी२, लिहिणं-वाचणं पाचव्या पायरीचं, आणि नवरा किंवा बायको सोबत असेल तर त्यांचंही बोलणं-ऐकणं चौथ्या पायरीचं. बघा, लिहिण्यापेक्षा बोलण्याला वरची पायरी आहे, आणि आपली सवय नेमकी उलटी, शाळेपासून व्याकरण आणि वही. मीही वर्षभर क्रियापदं पाठ केली आणि बोलायच्या परीक्षेत समोरची बाई काय विचारतेय हेच कळेना, दुसऱ्यांदा दिली तेव्हा जमलं. पुण्या-मुंबईत अलियाँस फ्रान्सेजचे क्लास आहेत, पण क्लासच्या बाहेर रोज कुणाशी तरी अर्धा तास बोला. टीईएफ किंवा टीसीएफ या फ्रेंचच्या परीक्षांचा निकाल दोन वर्षंच चालतो, त्यामुळे फार लवकर देऊनही उपयोग नाही.

अरिमात जे भरता त्याला सुरुवातीला कागद जोडावे लागत नाहीत म्हणून लोक अंदाजे भरतात, अनुभव तीन वर्षं आठ महिने असेल तर चार टाकतात. आमंत्रण आल्यावर ६० दिवसांत अर्ज करायचा असतो आणि तेव्हा प्रत्येक ओळीचा पुरावा लागतो. आधीच चुकीचं भरलं असेल तर आमंत्रण यायच्या आधी प्रोफाइल उघडून सुधारा, तोवर बदलता येतं. आणि आपल्याकडची खास अडचण म्हणजे नावं: डिग्रीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, मधलं नाव कुठे वडिलांचं कुठे नवऱ्याचं. मॅरेज सर्टिफिकेट आत्ताच हाताशी ठेवा, आणि ते फक्त मराठीत असेल तर भाषांतर आधीच करून घ्या, ६० दिवसांत धावपळ होते.

सीएक्यू आणि सीएसक्यू यात घोळ घालू नका. सीएक्यू हा शिकायला किंवा तात्पुरत्या कामाला येणाऱ्यांचा कागद, त्याने पीआरसाठी निवड होत नाही. सीएसक्यू मिळाला तरी तो व्हिसा नाही, त्यावर काम करता येत नाही, वर्क परमिट संपत आलं असेल तर ते वेगळं वाढवावं लागतं. सीएसक्यू २४ महिने चालतो, फेडरलचा अर्ज त्याच्या आत गेला पाहिजे.

एजंट घ्यायचाच असेल तर फेडरल लायसन्स पुरत नाही, क्युबेकच्या अर्जासाठी कन्सल्टंटचं नाव क्युबेकच्या रजिस्टरमध्येही लागतं. आणि जो एजंट "क्युबेकमधून पीआर घे, मग टोरांटोला जा" म्हणतो त्याच्यापासून लांब राहा. अर्जात क्युबेकला राहणार असं तुम्ही सांगता, ते खोटं ठरलं तर फेडरल कायद्यात पाच वर्षांची बंदी आहे, आणि ती एजंटवर नाही, तुमच्यावर येते.

एक शेवटचं, हे लोक विसरतातच. सीएसक्यू आणि पीआरच्या मधल्या काळात लग्न झालं किंवा बाळ झालं तर लगेच दोन्हीकडे कळवा. पीआर मिळेपर्यंत न सांगितलेल्या बायकोला, नवऱ्याला किंवा मुलाला पुढे स्पॉन्सर करताना फार मोठी अडचण येते.